‘तिलावा’ची विस्मृत जलसमाधी

(कोन, ता. भिवंडी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कोन हे खाडीकाठचे गाव. पलीकडच्या तीरावर दुर्गाडीचा किल्ला उभा आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडीचा प्रांत स्वराज्यात आला आणि थोड्याच काळात शिवछत्रपतींच्या आरमाराची पहिली गलबते याच खाडीच्या आश्रयाने आकाराला आली. त्यामुळे समुद्राचा विषय येथे काढताना तो परका वाटण्याचे कारण नाही. तथापि आजचा विषय आरमाराचा नाही, विजयाचा तर नाहीच. दुसऱ्या महायुद्धात मुंबई बंदरातून सुटलेल्या आणि तिसऱ्या रात्री हिंदी महासागराच्या तळाशी गेलेल्या एका प्रवासी जहाजाचा, आणि त्याहीपेक्षा त्या जहाजावरच्या माणसांचा, हा विषय आहे. जहाजाचे नाव ‘तिलावा’.

‘रामदास’ बोट म्हटले की कोकणातल्या आणि मुंबईतल्या मराठी माणसाला काही सांगावे लागत नाही. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्येचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. रायगड जिल्ह्यातील कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण आजी-आजोबांच्या तोंडून पुढच्या पिढीकडे आली. ‘तिलावा’ त्याच मुंबईतून, ‘रामदास’च्या आधी पाच वर्षे निघाली होती. तिच्यावरची २८० माणसे परतली नाहीत. आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो; प्रत्येक घराला आपले एकच माणूस पुरे असते. पण ‘रामदास’ची आठवण राहिली आणि ‘तिलावा’ची पुसली गेली, याची कारणे मात्र तपासण्यासारखी आहेत.

‘तिलावा’ ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडच्या ‘बी. आय.’ची आगबोट. इंग्लंडमध्ये टाईन नदीकाठी हॉथॉर्न लेस्ली यांच्या गोदीत १९२४ मध्ये ती बांधली गेली. वजन दहा हजार टनांच्या किंचित वर. ‘तलंबा’ ही तिची जोडबहीण. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या मोजक्या केबिनी, आणि त्याखेरीज ‘डेक’च्या प्रवाशांची मोठी सोय, अशी या जहाजांची रचना असे. सोय हा शब्द जपूनच वापरलेला बरा. डेकचा प्रवासी म्हणजे वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि शिध्याचे गाठोडे घेऊन, मिळेल त्या कोपऱ्यात आपल्या कुटुंबाची जागा अडवून बसणारा माणूस. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाचा डबा समुद्रावर तरंगत ठेवावा, तशी ही व्यवस्था.

मुंबई ते पूर्व आफ्रिका हा त्या काळचा वाहता रस्ता होता. १८९६ पासून युगांडा रेल्वेच्या बांधणीसाठी तीस हजारांहून अधिक भारतीय मजूर नेण्यात आले. त्यांतले बहुसंख्य परतले, काही तेथेच राहिले. पाठोपाठ दुकानदार, कारकून, सुतार, गवंडी, शिक्षक गेले. मोंबासा, झांझिबार, दार-ए-सलाम, लॉरेन्सो मार्क्स, म्हणजे आजचे मापुटो, आणि डर्बन या बंदरांत भारतीय वस्त्या उभ्या राहिल्या. सुरत, नवसारी, सौराष्ट्र या भागांतील कुटुंबे त्यात संख्येने सर्वांत अधिक. पंजाबी आणि गोवेकरही मोठ्या प्रमाणावर. लग्नकार्यासाठी किंवा आईबापांना भेटण्यासाठी मायदेशी यायचे, आणि काम आटोपले की बी. आय.च्या बोटीने परत जायचे, असा या घरांचा शिरस्ता होता. युद्ध सुरू झाले म्हणून दुकाने बंद पडत नाहीत आणि संसारही थांबत नाहीत. म्हणून १९४२ च्या नोव्हेंबरातही तिकिटे विकली जात होती आणि माणसे ती काढत होती.

त्या नोव्हेंबरातली मुंबई डोळ्यांपुढे आणावी लागेल. ऑगस्टमध्ये गवालिया टँकच्या मैदानावरून ‘चले जाव’ची हाक उठली होती. गांधीजी पुण्याला आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध होते. देशभर तुरुंग भरले होते. एप्रिल महिन्यात जपानी विमानांनी कोलंबो, त्रिंकोमाली आणि विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले होते. सिंगापूर, मलाया, ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला होता. मलायाच्या किनाऱ्यावरील पेनांग हा आता जपानी पाणबुड्यांचा तळ झाला होता. तेथून सुटलेली पाणबुडी अरबी समुद्राच्या तोंडापर्यंत येऊन भक्ष्य शोधू शकत होती, आणि हिंदी महासागरातील व्यापारी जहाजांना संरक्षक युद्धनौका पुरवण्याइतके बळ ब्रिटिश आरमाराकडे उरलेले नव्हते. अटलांटिकमध्ये जहाजांचे तांडे संरक्षणाखाली नेले जात. येथे बहुतेक जहाजे एकेकटीच जात.

२० नोव्हेंबर १९४२ रोजी ‘तिलावा’ मुंबईहून निघाली. मोंबासा, मापुटो, डर्बन असा तिचा मार्ग होता. जहाजावर ७३२ प्रवासी, २२२ कर्मचारी आणि चार तोफची, एकूण ९५८ माणसे होती. पोटात सुमारे साडेसहा हजार टन माल, आणि त्यातच साठ टनांच्या आसपास चांदी. त्या चांदीची गोष्ट पुढे येईलच. ती फार बोलकी आहे.

२३ नोव्हेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास, सेशेल्स बेटांच्या ईशान्येला साधारण नऊशे मैलांवर, आय-२९ या जपानी पाणबुडीने सोडलेला टॉर्पेडो जहाजावर आदळला. झोपेतून उठलेल्या माणसांची त्या अंधारात काय अवस्था झाली असेल, याचे वर्णन करण्याचा मोह टाळलेला बरा. एवढे निश्चित, की जीवरक्षक होड्यांकडे एकच झुंबड उडाली, काहींनी सरळ पाण्यात उड्या घेतल्या, आणि पुष्कळांचा अंत या गोंधळातच झाला. जहाज मात्र लगेच बुडाले नाही. ते तरंगते आहे हे पाहून होड्यांतून उतरलेली काही माणसे परत चढण्याच्या खटपटीला लागली. इतक्यात दुसरा टॉर्पेडो आला. त्यानंतर फारसा वेळ लागला नाही.

बिनतारी यंत्रावरून संकटाचा संदेश मात्र गेला होता, आणि उरलेल्यांचे प्राण त्या संदेशाने वाचले. दोन रात्री माणसे होड्यांत आणि तराफ्यांवर होती. २५ नोव्हेंबरला ‘बर्मिंगहॅम’ ही ब्रिटिश क्रूझर त्या जागी पोहोचली. तिने ६७४ जणांना वर घेतले. ‘कार्थेज’ या दुसऱ्या जहाजाला आणखी चौघे सापडले. एकूण ६७८. २७ नोव्हेंबरला ही माणसे मुंबईला परत आणण्यात आली. ज्या बंदरातून आठवड्यापूर्वी निरोप घेऊन निघाली, त्याच बंदरात ती अंगावरच्या वस्त्रानिशी उतरली. २५२ प्रवासी आणि २८ कर्मचारी त्यांच्याबरोबर नव्हते.

ब्रिटिश वृत्तांतांतून या प्रसंगी ‘नेटिव्ह’ प्रवाशांत माजलेल्या घबराटीवर बोट ठेवलेले आढळते. माणसे घाबरली नसती तर अधिक वाचली असती, असा त्याचा मथितार्थ. हे कदाचित खरेही असेल. परंतु खालच्या मजल्यावर लेकराबाळांसह दाटीवाटीने झोपलेल्या माणसांनी मध्यरात्री स्फोटाच्या आवाजाने जागे होऊन शांतपणे रांग लावावी, ही अपेक्षा कोण कोणाकडून करत होते? ७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ बुडवली, तेव्हा अठरा मिनिटांत जवळजवळ बाराशे माणसे गेली. तेथेही होड्या उलटल्या, तेथेही झुंबड झाली. त्या प्रवाशांच्या वंशाचा उल्लेख करून कोणी त्यांच्या भीतीचे स्पष्टीकरण दिले नाही. त्यांच्यासाठी कोव्ह या बंदरगावात स्मारक उभे राहिले, आणि त्यांच्या नावांची यादी आजही कोणालाही वाचायला मिळते.

आणखी एक उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. १७ सप्टेंबर १९४० रोजी ‘सिटी ऑफ बनारस’ नावाचे जहाज अटलांटिकमध्ये बुडवले गेले. आपल्या काशीचे नाव धारण करणारे हे जहाज इंग्लंडमधील ९० मुलांना बॉम्बवर्षावापासून दूर, कॅनडाला नेत होते. त्यांतली ७७ मुले दगावली. साऱ्या ब्रिटनने त्या मुलांसाठी अश्रू ढाळले, आणि ते योग्यच होते. पण त्या जहाजाच्या कर्मचाऱ्यांत मोठा भरणा भारतीय खलाशांचा होता, आणि गारठ्याने मेलेल्यांतही त्यांची संख्या मोठी होती. आठ दिवस भरकटलेल्या एका होडीत ४६ माणसे जिवंत सापडली. तीत सहा मुलगे होते आणि बहुसंख्य भारतीय खलाशी होते. मुलांची नावे पुस्तकांत आली. खलाशांचा उल्लेख बहुधा ‘लास्कर’ या एका सामूहिक शब्दात आटोपला. रत्नागिरीचे, सुरतेचे, गोव्याचे, सिल्हेटचे दर्यावर्दी या एका शब्दाच्या पोटात गडप होतात.

खलाशांच्या बाबतीत निदान इतके म्हणता येते, की दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या अविभाजित भारताच्या हजारो व्यापारी खलाशांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवहीत आहेत, आणि ती नोंदवही मुंबई आणि चितगाव या दोन्ही ठिकाणी ठेवण्याची व्यवस्था झाली. ‘तिलावा’च्या डेकवरील प्रवाशाच्या वाट्याला तेही आले नाही. तो सैनिक नव्हता, खलाशी नव्हता, ब्रिटिश नव्हता. तिकीट काढलेला एक माणूस होता.

जहाज कोणाचे होते?

येथे थोडे मागे जाणे भाग आहे. भारताच्या किनाऱ्यावरील आणि भारतातून सुटणारी प्रवासी वाहतूक बी. आय. कंपनीच्या मुठीत कशी गेली, हा योगायोग नव्हता. १९०६ मध्ये व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरिन ते कोलंबो या मार्गावर ‘स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन’ कंपनी उभी केली. बी. आय.ने भाडे इतके उतरवले की स्वदेशी बोटी रिकाम्या जाव्यात. कंपनी मोडकळीस आली, आणि १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली चिदंबरम यांना तुरुंगात टाकण्यात आले. तेथे त्यांना तेलाच्या घाण्याला जुंपण्यात आले.

पुढचा प्रयत्न मुंबईतून झाला. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. आज आपण राष्ट्रीय सागरी दिन साजरा करतो तो याच तारखेला. सोलापूरच्या भूमीत जन्मलेल्या या उद्योगपतीला तेव्हा लॉर्ड इंचकेप यांच्या बलाढ्य कंपनीशी झुंजावे लागले. सिंदियाने तग धरला, वाढही केली. पण मोठे समुद्रपार प्रवासी मार्ग परक्यांच्याच हाती राहिले. विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी १९४१ मध्ये झाली आणि तेथे बांधलेले पहिले जहाज, ‘जलउषा’, पाण्यात उतरले ते १९४८ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर.

या साऱ्याचा ‘तिलावा’शी संबंध काय? संबंध असा, की १९४२ मध्ये आफ्रिकेला जाऊ इच्छिणाऱ्या भारतीयाला जहाज निवडण्याचा अधिकार नव्हता. ध्वज ब्रिटिश, तोफा ब्रिटिश, चांदी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची, आणि युद्धाचा निर्णय व्हाइसरॉयचा, तोही भारतीय प्रतिनिधींना न विचारता घेतलेला. प्रवासी मात्र आपले. मृत्यूही आपला.

अर्थात केवळ ध्वज बदलला असता तर सारे वाचले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मार्च १९४४ मध्ये बंगालच्या उपसागरात ‘एल मदिना’ हे भारतीय मालकीचे प्रवासी जहाज जपानी पाणबुडीने बुडवले आणि सुमारे ३८० माणसे गेली. ते सिंदियाचेच होते. त्याच्या आधीच्या महिन्यात, १२ फेब्रुवारी १९४४ रोजी, मालदीवच्या दक्षिणेकडे ‘खेदिव इस्माईल’ हे सैनिक आणि परिचारिका नेणारे जहाज दोन मिनिटांच्या आत बुडाले. जवळजवळ तेराशे बळी. ‘तिलावा’ची जोडबहीण ‘तलंबा’ ही तर रुग्णालय जहाज होती. जुलै १९४३ मध्ये सिसिलीजवळ तिच्यावर बॉम्ब पडले आणि तीही बुडाली. पाणबुडी किंवा विमान नावे वाचून ठरवत नाही.

आय-२९

आता या कथेतला सर्वांत अवघड भाग. तो टाळून पुढे जाता येईल. पण टाळणे योग्य नव्हे.

९ फेब्रुवारी १९४३ रोजी जर्मनीतील कील बंदरातून यू-१८० ही पाणबुडी निघाली. तिच्यात नेताजी सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी आबिद हसन होते. आफ्रिकेला वळसा घालून मादागास्करजवळच्या समुद्रात ही पाणबुडी आली आणि तेथे पूर्वेकडून आलेल्या जपानी पाणबुडीशी तिची गाठ पडली. समुद्र खवळलेला होता. दोन दिवस वाट पाहावी लागली. अखेर २८ एप्रिल १९४३ रोजी रबराच्या लहान होडीतून नेताजी आणि आबिद हसन त्या जपानी पाणबुडीवर पोहोचले. युद्धकाळात दोन देशांच्या पाणबुड्यांमधून भर समुद्रात अशी प्रवाशांची अदलाबदल होणे ही जवळजवळ एकमेव घटना मानली जाते. मेच्या पहिल्या आठवड्यात सुमात्राच्या उत्तरेकडील सबंग येथे नेताजी उतरले. तेथून टोकियो, मग सिंगापूर, आणि आझाद हिंद सेनेचा तो सारा तेजस्वी अध्याय. त्या प्रवासाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. जपानी खलाशांच्या घोळक्यात नेताजी.

ती जपानी पाणबुडी आय-२९ होती. ‘तिलावा’ बुडवणारी तीच. कप्तानही तेच, जुइची इझू. दोन घटनांत पाच महिन्यांचे अंतर.

आपल्याकडे नेताजींच्या या प्रवासावर किती व्याख्याने झाली, किती लेख आले, शाळांतून किती गोष्टी सांगितल्या गेल्या! त्यांत आय-२९ चे नाव कौतुकाने घेतले जाते. ते स्वाभाविक आहे. पण त्या नावापुढे ‘तिलावा’चे नाव क्वचितच येते. ज्यांच्या घरातले माणूस त्या पहाटे गेले, त्यांना हे कसे वाटत असेल?

नेताजींच्या थोरवीला यामुळे तसूभरही बाधा येत नाही. परकी सत्ता उलथवण्यासाठी जगाच्या दोन टोकांना जोडणारा तो प्रवास त्यांनी प्राण पणाला लावून केला. समुद्रातल्या युद्धाचे स्वरूप त्यांना ठाऊक होते. यू-१८० वरच्या त्यांच्या प्रवासातच, १८ एप्रिल १९४३ रोजी, त्या पाणबुडीने ‘कॉर्बिस’ हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवले आणि त्यावरील बहुसंख्य खलाशी मृत्युमुखी पडले. ज्या राष्ट्रांची मदत घ्यायची त्यांची शस्त्रे कोणावर चालत आहेत, हा प्रश्न त्या युद्धात कोणालाच सुटलेला नव्हता. इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या पंचवीस लाख भारतीय सैनिकांनाही तो नव्हता. कारण ते ज्या सत्तेसाठी लढत होते ती त्यांच्याच देशबांधवांना तुरुंगात डांबत होती, आणि १९४३ मध्ये त्याच सत्तेच्या कारभाराखाली बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली.

पण मोठ्या कार्याला मदत झाली म्हणून त्या आधीचा हिशेब आपोआप फिटतो, असा न्याय आपल्या परंपरेत नाही. महाभारताच्या अखेरीस विजयी धर्मराजाला गंगेच्या तीरावर उभे राहून नाव घेऊन तिलांजली द्यावी लागते, कौरवांनाही आणि कर्णालाही. कर्ण कोणाच्या बाजूने लढला हे त्या वेळी विचारले गेले नाही. ‘तिलावा’चे प्रवासी तर कोणाच्याच बाजूने लढत नव्हते.

आय-२९ चाही शेवट सांगितला पाहिजे. २६ जुलै १९४४ रोजी, जर्मनव्याप्त फ्रान्सहून परतताना, फिलिपिन्सच्या उत्तरेला अमेरिकेच्या ‘सॉफिश’ या पाणबुडीने तिला बुडवले. तोवर तिचा कप्तान बदललेला होता. तिच्यावरचा एकच जण पोहून किनारा गाठू शकला. त्या शंभरावर खलाशांच्या घरीही कोणीतरी वाट पाहत असणार.

चांदी

‘तिलावा’ पुन्हा बातम्यांत आली ती माणसांमुळे नव्हे, चांदीमुळे.

जहाजाच्या पोटात चांदीच्या २,३६४ लगडी होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या तत्कालीन सरकारने ही चांदी खरेदी केली होती, मुख्यतः नाणी पाडण्यासाठी. जहाजाबरोबर ती अडीच किलोमीटर खोल तळाशी गेली आणि पाऊणशे वर्षे तशीच पडून राहिली. माणसाला उतरता येणे अशक्य अशी ही खोली. तथापि २०१७ मध्ये एका ब्रिटिश कंपनीने यंत्रांच्या साह्याने या लगडी वर काढल्या आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टन बंदरात नेऊन सरकारदरबारी त्यांची नोंद केली. किंमत सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलर. मग दावा सुरू झाला. कंपनी म्हणे, समुद्रातून माल सोडवून आणल्याचे आम्हाला पारितोषिक मिळाले पाहिजे. दक्षिण आफ्रिका म्हणे, चांदी आमच्या सार्वभौम सरकारची आहे आणि परक्या देशाच्या न्यायालयाला आमच्यावर असा दावा चालवता येणार नाही.

मुद्दा एका शब्दावर येऊन ठेपला: ही चांदी व्यापारी कामासाठी ‘वापरात’ होती काय? पहिल्या दोन न्यायालयांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला. वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. निकालापूर्वी दोन्ही पक्षांत तडजोड झाली होती. तरी प्रश्न महत्त्वाचा म्हणून न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी निकाल दिला. तो असा, की जहाजाच्या पोटात नुसती पडून असलेली चांदी कसल्याही वापरात नव्हती. सबब दक्षिण आफ्रिकेला सार्वभौमत्वाचे संरक्षण आहे.

कायद्याच्या अंगाने निकाल सरळ आहे, त्यावर टीका करण्याचे कारण नाही. न्यायालयापुढे जो प्रश्न होता त्याचे उत्तर त्याने दिले; प्रवासी हा त्या दाव्याचा विषयच नव्हता. पण किती विलक्षण गोष्ट आहे पाहा! चांदीच्या प्रत्येक लगडीचा हिशेब ठेवला गेला. ती कोणी विकली, कोणी घेतली, कोणत्या जहाजावर चढली, किती खोलीवर पडली, कोणी उचलली, कोणाची ठरली. तीन न्यायालयांनी त्यावर वर्षानुवर्षे खल केला. त्याच जहाजावरच्या २५२ प्रवाशांची नावे गोळा करण्याचे काम कोणत्याही सरकारने हाती घेतले नाही. ते केले त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी.

युद्धकाळात जहाजे बुडाल्याच्या बातम्यांवर सेन्सॉरचा पहारा असे. शत्रूला माहिती मिळू नये हे त्याचे कारण. त्यामुळे ‘तिलावा’ची वार्ता जितकी पसरायला हवी होती तितकी पसरली नाही. पुढे दीड वर्षाने, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा प्रचंड स्फोट झाला आणि मुंबईची युद्धकालीन आठवण त्या एका घटनेने व्यापून टाकली. मग फाळणी आली. आफ्रिकेतील भारतीयांवर तर पुढे आणखी आघात झाले. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून त्यांना हाकलले आणि कित्येक कुटुंबे ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेत विखुरली. ज्या घरात ‘तिलावा’चे दुःख होते ती घरेच अशी जगभर पांगली. ‘रामदास’चे दुःख ज्या गावांत होते ती गावे जागच्या जागी राहिली, तिथे दर वर्षी आषाढ अमावास्या येते आणि आठवण निघते. आठवण टिकते की नाही, हे पुष्कळदा एवढ्यावरच ठरते.

तरीही ती पुरती पुसली गेली नाही. बुडालेल्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतील काही तरुणांनी परदेशात बसून शोध सुरू केला. आजोबांच्या जुन्या पत्रांवरून, पणजीच्या तोंडच्या त्रोटक वाक्यांवरून, बंदरांच्या नोंदींवरून नाव नावाला जोडले जाऊ लागले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, घटनेला ऐंशी वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, निरनिराळ्या देशांतून आलेली ही कुटुंबे मुंबईत एकत्र जमली. त्या पहाटे आईच्या कडेवरून वाचलेले एक मूल तेव्हा ऐंशी पार केलेले वृद्ध गृहस्थ म्हणून त्या सभेला आले होते. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसे, पण एकाच रात्रीची वारस.

येथे जमलेल्यांपैकी कोणाच्या घराचा या जहाजाशी संबंध असेल, असे सहजी वाटणार नाही. पण कल्याण-भिवंडी हा फार जुना व्यापारी पट्टा आहे. येथे गुजराती-कच्छी पेढ्या पिढ्यान्पिढ्या आहेत, कोकणातून आलेली दर्यावर्दी घरे आहेत, आणि पूर्व आफ्रिकेशी ज्यांचे नाते होते अशी कुटुंबेही असू शकतात. माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेत बी. आय. कंपनीचे पिवळे पडलेले तिकीट, मोंबासा किंवा डर्बनचा शिक्का असलेले पत्र, १९४२ च्या कार्तिकात घरातून निघून परत न आलेल्या एखाद्या काकाचा फोटो असेल, तर तो कागद फेकू नये. त्याच्या मागे नाव लिहून ठेवावे, गाव लिहावे, वय ठाऊक असेल तर तेही. जहाजावरच्या २८ मृत कर्मचाऱ्यांत कोकणातला कोणी होता काय, हे मुंबईच्या नोंदवहीत पाहता येईल. तरुणांपैकी दोघांनी एक दिवस काढला तरी ते काम होण्यासारखे आहे. २३ नोव्हेंबर दर वर्षी येतोच.